बोट नक्की कोणाची? नोंदवहीतून मालक शोधताना

मावसभावानं व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले. पहिल्यात ट्रेलरवर चढवलेली 18 फुटी फायबरची बोट, पांढरी, कडेनं निळा पट्टा. दुसऱ्यात मागे लटकवलेलं 40 हॉर्सपॉवरचं इंजिन. तिसऱ्यात नोंदणीचा दाखला. खाली मेसेज: "दादा, पेपर क्लिअर आहेत. माणूस चांगला आहे. उद्या टोकन देऊन टाकू का?"

इगतपुरी तालुक्यातल्या एका धरणावर पर्यटकांना फिरवायचं काम त्याला मिळण्यासारखं होतं. नवी बोट परवडणारी नव्हती, म्हणून त्यानं ओळखीतून कोकणातली एक जुनी बोट शोधली. ती तिथल्या एका खाडीत पर्यटकांसाठीच चालायची. मी नाशिकमध्ये जमिनीच्या टायटल सर्चचं, म्हणजे मालकीचे जुने-नवे कागद तपासायचं काम करतो. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा सरकारी उतारा) यातच माझा दिवस जातो. बोटीचे कागद मी तोपर्यंत कधी हाताळले नव्हते. पण दाखल्याचा फोटो बघितला आणि हातची सवय जागी झाली. मी त्याला एवढंच विचारलं, "मागच्या बाजूचा फोटो कुठंय?"

तो फोटो यायला दोन दिवस लागले. त्यात काय निघालं ते पुढे सांगतो. त्या निमित्तानं मी बोटींच्या नोंदणीचे कायदे वाचून काढले, दोन कार्यालयांत जाऊन आलो. नाशिकसारख्या समुद्रापासून लांबच्या जिल्ह्यात ही माहिती सांगणारं कोणी सहज भेटत नाही. आणि बोटी तर आता इथेही वाढताहेत. गंगापूर धरणावर बोट क्लब आहे, द्राक्षबागांजवळच्या कृषी पर्यटन केंद्रांना पाण्यावरचा फेरफटका हवा असतो, 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. जुनी बोट घ्यायचा विचार आणखी कोणाकोणाच्या डोक्यात असणार. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, दाखल्यावर नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. जमिनीच्या व्यवहारात पोळलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 157 म्हणतं की अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरायची, पण विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत. सातबारा हा मालकीकडे बोट दाखवणारा कागद, शेवटचा शब्द नव्हे. नोंदणीच्या दाखल्याकडेही त्याच नजरेनं बघा. बोट ही जंगम मालमत्ता, तिची विक्री 1930 च्या मालविक्री कायद्याच्या चौकटीत येते, आणि त्या कायद्याचं मूळ तत्त्व असं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. त्याच्याकडे अर्धा हक्क असेल तर तुम्ही पूर्ण पैसे मोजूनही अर्धाच घेता. कायद्यात याला काही अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी बोट घेऊ नये.

म्हणून शोध दोन पायऱ्यांचा असतो. सरकारी नोंदवहीत आज कोणाचं नाव आहे ते बघायचं. मग ते नाव तिथपर्यंत कसं आलं आणि त्या बोटीवर आणखी कोणाचा हक्क बसलाय का, ते बघायचं. बहुतेक लोक पहिल्या पायरीवरच थांबतात. माझा भाऊ तर त्याच्याही आधी, दाखल्याच्या फोटोवरच थांबला होता.

कुठल्या वहीत बघायचं

गाडीचं सोपं असतं. एमएच 15 दिसलं की नाशिक आरटीओ, एमएच 41 दिसलं की मालेगाव. जमिनीचं गाव कळलं की तलाठी कार्यालय ठरलं. बोटीचं तसं नाही. बोट कुठे चालते, कशावर चालते आणि कशासाठी चालते, यावर तिची वही ठरते. चुकीच्या कार्यालयात गेलात तर "आमच्याकडे अशी बोट नाही" असं उत्तर मिळतं, आणि माणूस समजतो की बोटीची नोंदच नाही. बोट मात्र दुसऱ्याच कार्यालयाच्या कपाटात रीतसर बसलेली असते.

नदी, धरण, तलाव, खाडीचा ठरवून दिलेला भाग, अशा पाण्यात इंजिनावर चालणाऱ्या बोटी अंतर्देशीय नौका कायद्याखाली येतात. आधी 1917 चा कायदा होता. त्याच्या जागी 2021 चा नवा कायदा आला. त्यानं आमच्या कामाच्या दोन गोष्टी केल्या. एका राज्यात झालेली नोंदणी देशभर ग्राह्य धरली जाते, आणि सगळ्या राज्यांतल्या अशा नौकांचा एक केंद्रीय माहितीसाठा ठेवायची तरतूद झाली. आपल्या राज्यात या बोटींचं सर्वेक्षण, म्हणजे सरकारी तपासणी, आणि नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. हे मंडळ 1996 च्या कायद्यानं आलं. नाव सागरी असलं तरी खाडीतल्या आणि गोड्या पाण्यातल्या बोटीची चौकशीही तिथेच करायची. भावाची बोट याच वहीतली होती.

मासेमारीची बोट असेल तर वही मत्स्यव्यवसाय विभागाकडे. समुद्रातल्या मासेमारी नौकांची नोंदणी मर्चंट शिपिंग (व्यापारी नौवहन) कायद्याखाली होते आणि त्यासाठी रिअलक्राफ्ट नावाची ऑनलाइन प्रणाली आहे. या बोटी ओळखायला सोप्या. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात आयएनडी, मग एमएच, मग बंदराचा आकडा, मग दोन अक्षरं आणि नंबर असतो. त्या दोन अक्षरांवरून बोट यांत्रिक आहे, बाहेरून इंजिन लावलेली आहे की बिनइंजिनाची आहे ते कळतं. 2008 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी पोरबंदरची कुबेर ही मासेमारी बोट ताब्यात घेऊन आले होते. त्यानंतर मासेमारी बोटींच्या नोंदणीकडे सुरक्षेच्या दृष्टीनं बघायला सुरुवात झाली आणि 2009 मध्ये नोंदणीचे नवे नियम आले. मासेमारी बोटीचे कागद बघताना एक घोटाळा नेहमी होतो. नोंदणीचा दाखला वेगळा आणि मासेमारीचा परवाना वेगळा. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा, 1981 खाली मिळतो. परवान्यावर नाव आहे म्हणून मालक ठरवू नका. दुकानाचा परवाना आणि दुकानाचं खरेदीखत यांत जेवढा फरक, तेवढाच इथे.

मोठी, समुद्रात जाणारी जहाजं मुंबईच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटच्या वहीत असतात. 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात फक्त भारताच्या किनाऱ्यालगत फिरणाऱ्या, 15 नेट टनांपेक्षा (नेट टन हे जहाजातल्या माल-प्रवाशांच्या जागेचं माप) मोठ्या नसलेल्या जहाजांना या वहीतून सूट होती. संसदेनं 2025 मध्ये याही कायद्याची नवी आवृत्ती संमत केली आहे. नाशिकच्या वाचकाला जहाज घ्यायची वेळ क्वचित येईल, पण या वहीतल्या दोन-तीन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत, त्या पुढे येतील.

आणि वल्ह्यावर चालणाऱ्या होड्या? नांदूरमध्यमेश्वरला, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ पाखरं बघायला गेलेल्यांनी अशा होड्या पाहिल्या असतील. 2021 च्या कायद्यात बिनइंजिनाच्या नौकांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर करायची सोय ठेवली आहे. पण अशा होडीचा मालक शोधायचा तर मी आधी गावात विचारीन आणि त्या पाण्यात मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेत विचारीन. होडी कोणाची हे घाटावरच्या माणसांना तोंडपाठ असतं.

वहीत काय लिहिलेलं असतं

मालकाचं नाव, पत्ता. बोट कोणी, कुठे, कधी बांधली. लाकडी, पोलादी की फायबरची. लांबी, रुंदी, खोली. इंजिन कोणत्या कंपनीचं, किती ताकदीचं, त्याचा नंबर. कर्जापोटी गहाण असेल तर ती नोंद. मालकी बदलली असेल तर तो बदल.

दाखला हा या वहीतून एका दिवशी काढलेला उतारा. त्या दिवसानंतर वहीत काय घडलं ते घरातल्या दाखल्याला कळत नाही. 2015 साली काढलेला सातबारा कपाटात जपून ठेवला म्हणजे मधल्या काळात फेरफार पडला नाही असं होतं का? म्हणून दाखला कितीही अस्सल असला, शिक्का कितीही ठळक असला, तरी आजची स्थिती वहीतूनच खात्री करून घ्यायची. जमिनीच्या कामात आम्ही पक्षकाराला सांगतो की व्यवहाराच्या आदल्या आठवड्यातला उतारा आणा. बोटीलाही तोच नियम लावा.

एकाहून जास्त मालक हा वेगळा विषय आहे. 1958 च्या कायद्यात जहाजाच्या मालकीचे 10 हिस्से धरले होते आणि एका वेळी 10 पेक्षा जास्त व्यक्तींची नावं मालक म्हणून लावता येत नव्हती. इंग्लंडमध्ये जुन्या प्रथेनुसार हे हिस्से 64 असतात. छोट्या बोटीत असं हिस्स्यांचं गणित सहसा कोणी मांडत नाही, पण दोन भावांनी, दोन मित्रांनी मिळून बोट घेणं अगदी नेहमीचं आहे. एक भाऊ बोट चालवतो, ग्राहकाशी बोलतो, पैसे घेतो. दुसरा पुण्यात नोकरीला असतो. विकताना भेटतो तो पहिला. वहीत दोघं असतील तर सही दोघांची हवी. मालक वारला असेल तर सगळ्या वारसांची हवी, अगदी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीचीसुद्धा. हे वाक्य मी जमिनीसाठी इतक्यांदा उच्चारलंय की बोटीसाठी म्हणताना वेगळं काही वाटलं नाही.

बोटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर

भावाबरोबर मी त्या गावी गेलो. बोट एका वाडीत, नारळीच्या सावलीत ठेवली होती. विकणारे काका साठीचे, बोलायला मोकळे. त्यांच्या घरच्यांनी आम्हाला कोकम सरबत दिलं. मी दाखल्याची प्रत हातात घेऊन बोटीभोवती फिरलो. पुढच्या बाजूला रंगवलेला नोंदणी क्रमांक जुळला. आत, बसायच्या फळीखाली, बांधणाऱ्या कारखान्याची पत्र्याची पट्टी होती. ती मिठानं आणि हिरव्या बुरशीनं भरलेली. ओल्या फडक्यानं घासल्यावर वर्ष आणि क्रमांक दिसला. तोही जुळला.

मग इंजिन. बाहेर लटकवायच्या इंजिनाला बोटीवर पकडणारा जो ब्रॅकेट असतो, त्यावर नंबरची चिकटपट्टी किंवा पट्टी असते. बऱ्याच इंजिनांवर खुद्द इंजिनाच्या ठोकळ्यातही एका गोल बुचावर तोच नंबर कोरलेला असतो. ब्रॅकेट बदलता येतो, म्हणून दोन्ही ठिकाणी बघायचं. मी टॉर्च मारून वाचला. दाखल्यावरच्या नंबराचे शेवटचे चारही आकडे वेगळे.

काका म्हणाले, "जुनं इंजिन बसलं हो, चार वर्षं झाली. हे दुसरं घातलं." खरंच सांगत होते ते, नव्या इंजिनाचं बिल त्यांनी लगेच आतून आणून दाखवलं. पण वहीत अजून जुनंच इंजिन चालू होतं. उद्या बोटीला अपघात झाला आणि विम्याचा माणूस आला, तर तो पहिल्यांदा हाच नंबर बघणार. आणि त्याहून महत्त्वाचं, इंजिन कोणाचं याचा पुरावा फक्त त्या बिलात उरला होता. 40 हॉर्सपॉवरचं इंजिन हा बोटीतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात सहज काढून नेता येणारा भाग. चोरीला जातं तेही तेच.

परदेशातून आलेली जुनी बोट असेल तर आणखी एक खूण कामाला येते. अमेरिकेत 1972 च्या नोव्हेंबरपासून बांधलेल्या बोटींना 12 अक्षर-आकड्यांचा हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा नंबर, सक्तीचा आहे. बोटीच्या मागच्या सपाट भागावर, उजव्या बाजूला वरच्या कडेजवळ तो असतो. सध्याच्या पद्धतीत पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढची पाच त्या बोटीची, मग प्रमाणित झाल्याचा महिना सांगणारं अक्षर, वर्षाचा शेवटचा आकडा, आणि शेवटी मॉडेलच्या वर्षाचे दोन आकडे. महिना वाचायचा तर ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. विकणारा जे वर्ष सांगतो ते या शेवटच्या चार खुणांशी ताडून बघता येतं. नंबराभोवती घासल्याच्या खुणा असतील, रंगाचा ठिगळासारखा पॅच असेल, तर तिथेच थांबा. तिकडे मालकीचा दाखला आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काही राज्यांत बोटीला मालकीचा दाखला मिळतच नाही. तेव्हा आयात केलेल्या बोटीबरोबर तिकडचं फक्त नोंदणीचं कार्ड आलं असेल तर खरेदीची पावती आणि आयातीचे कस्टम्सचे कागदही मागा.

मागची बाजू

आता त्या फोटोकडे येतो. दाखल्याच्या मागच्या पानावर, शाईच्या पेनानं, एका पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा नोंदलेला होता. खाली सही, शिक्का, तारीख. बोजा उतरवल्याची नोंद नव्हती.

व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवताना लोक पुढची बाजू पाठवतात. त्यात फसवायचा हेतू असतोच असं नाही, मागे काही आहे हे त्यांच्या लक्षातच राहिलेलं नसतं. गाडीच्या बाबतीत आपल्याला आता सवय झालीय. आरसीवर बँकेचं नाव आहे का बघतो, फॉर्म 35 वर बँकेची सही घेऊन तो बोजा काढून घेतो. सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना आधी वाचतो. बोटीचा कागद हातात आला की मात्र आपण फक्त नाव आणि फोटो बघतो.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, ते कधीच फिटलं." भावाला वाटलं, मिटलं. मी म्हटलं, फिटलं असेल, पण वहीला ते कोणी सांगितलंय का? मग त्यांच्या परवानगीनं आणि त्यांच्याच सहीचा अर्ज घेऊन आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. वहीत बोजा उभाच. कर्ज खरोखर फिटलेलं होतं, पतसंस्थेच्या खात्यात शिल्लक शून्य होती. फक्त कर्ज फिटल्याचं पत्र घेऊन नोंदणी कार्यालयात जायचं राहून गेलं होतं. पतसंस्थेचा शाखा अधिकारी बदलला होता, नवीन माणसाला जुनी फाइल सापडेना.

गहाणाच्या बाबतीत जहाजांच्या कायद्यात एक तरतूद आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. एकाच जहाजावर दोन कर्जं असतील तर आधी हक्क कोणाचा, हे ज्या क्रमानं ती वहीत नोंदली गेली त्यावर ठरतं, आणि त्यासाठी तारखेबरोबर वेळही लिहितात. म्हणजे करार आधी कोणी केला याला तिथे किंमत नाही, वहीपाशी आधी कोण पोहोचलं याला आहे. नोंदवही या प्रकाराला कायदा किती मानतो ते यावरून कळतं.

बोट कंपनीच्या नावावर असेल तर आणखी एक ठिकाण बघायचं, आणि ते घरबसल्या बघता येतं. कंपनी कायदा 2013 च्या कलम 77 नुसार कंपनीनं आपल्या मालमत्तेवर बोजा चढवला की 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा असतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकून बोज्यांची यादी बघता येते. मासेमारी बोटींच्या बाबतीत सहकारी संस्थेत चौकशी केल्याशिवाय पुढे जाऊच नका. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या योजनेतून संस्थांमार्फत यांत्रिक बोटींसाठी कर्ज मिळत आलंय. नाव सभासदाचं, चालवतो सभासद, पण कर्जाची दोरी संस्थेच्या हातात असते. अनुदान घेतलेली बोट असेल तर विकण्यावर अटीही असू शकतात.

वहीत न दिसणारं देणं

समुद्रात चालणाऱ्या बोटीच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की ती कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्यात, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या कायद्यात, सागरी धारणाधिकार मान्य केलाय. खलाशांचा थकलेला पगार, अपघातातली जीवितहानी किंवा दुखापत, बोट वाचवल्याचा मोबदला, बंदराची देणी, अशा काही देण्यांचा हक्क मालकावर नाही, थेट जहाजावर बसतो. जहाज विकलं तरी तो हक्क त्याच्याबरोबर जातो. साधारणपणे एक वर्षानं तो संपतो, खलाशांच्या पगाराचा दोन वर्षांनी. म्हणून अशी बोट घेताना मागच्या दोन वर्षांत तिच्यावर कोण कामाला होते, त्यांचे पगार चुकते झाले का, हे त्या माणसांनाच भेटून विचारावं. मला ही तरतूद न्यायाची वाटते. मालक बदलला म्हणून खलाशाचे कष्ट बुडू नयेत. उलट बाजूनं, उच्च न्यायालयानं याच कायद्याखाली लिलावात विकलेलं जहाज घेणाऱ्याला सगळ्या बोज्यांतून मोकळं मिळतं.

अंतर्देशीय नौकांना हा कायदा लावलेला नाही. धरणावरच्या बोटीसाठी ही काळजी तेवढी नाही. पण तीच बोट आधी कुठे चालत होती, ते विचारायला काही पैसे पडत नाहीत.

माहिती मागायची कशी

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे विकणाऱ्यालाच बरोबर घेणं. त्यानं स्वतः अर्ज करून नोंदवहीचा चालू उतारा मागायचा, तो तुमच्यासमोर उघडायचा. भावाला याचा फार संकोच होता. "दादा, असं विचारलं तर त्यांना वाटेल आपण संशय घेतोय." मी काकांना सांगितलं, "काका, मी जमिनीचं काम करतो, मला कागद बघितल्याशिवाय झोप येत नाही. उद्या हा पोरगा बोट विकेल तेव्हा त्यालाही कोणीतरी हेच विचारणार. तुमच्या नावचे कागद साफ झाले तर दोघांचंही भलं." काका हसले आणि शर्ट बदलून आमच्याबरोबर निघाले. प्रामाणिक माणसाला कागद दाखवायला त्रास होत नाही, फक्त विचारणाऱ्यानं मान ठेवून विचारायला हवं.

विकणारा सोबत नसेल तेव्हा कोणत्या वहीचा प्रश्न आहे त्यावर उत्तर अवलंबून. 1958 च्या कायद्यात जहाजांची नोंदवही शुल्क भरून कोणालाही कार्यालयाच्या वेळेत बघता येईल अशी तरतूद होती. बाकीच्या ठिकाणी लेखी अर्ज करायचा, कारण लिहायचं, विक्रीच्या बोलणीचा कागद जोडायचा. माहिती अधिकार कायदा 2005 चा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, करता येतो आणि 30 दिवसांत उत्तर यायला हवं. पण मालकाचं नाव-पत्ता ही दुसऱ्या माणसाची वैयक्तिक माहिती. अधिकारी त्या माणसाला नोटीस काढून त्याचं म्हणणं मागू शकतो, आणि वैयक्तिक माहितीचं कारण देऊन नकारही देऊ शकतो. यावर चिडू नका. तुमच्या गाडीचा नंबर वाचून कोणीही तुमच्या घराचा पत्ता काढू शकला असता तर तुम्हाला चाललं असतं का? म्हणून माहिती अधिकारात पत्ता मागण्याऐवजी नेमका प्रश्न विचारा: या नोंदणी क्रमांकाच्या बोटीवर आज बोजा नोंदलेला आहे का, नोंदणी चालू आहे की रद्द, शेवटचं सर्वेक्षण कधी झालं. अशा प्रश्नांना नकार द्यायला जागा कमी राहते.

पुरात वाहून आलेली किंवा कित्येक महिने काठाला बेवारस पडलेली बोट सापडली तर मात्र स्वतः मालक शोधत बसू नका आणि घरीही नेऊ नका. 2019 च्या ऑगस्टमधल्यासारखा गोदावरीचा पूर आला की काय काय वाहून येतं ते नाशिककरांनी पाहिलंय. क्रमांकाचा, पट्टीचा, इंजिनाच्या नंबरचा फोटो काढा आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवा, पोच घ्या. नोंदवहीतलं नाव मागवायचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

भावाच्या बोटीचं पुढे असं झालं. पतसंस्थेकडून कर्ज फिटल्याचं पत्र मिळायला महिना गेला. ते लावून बोजा उतरला. काकांनी नव्या इंजिनाच्या बिलासह अर्ज दिला, सर्वेक्षण झालं, वहीत नवा इंजिन नंबर चढला. मग विक्रीचा करार, त्यात बोटीचं पूर्ण वर्णन, इंजिनाच्या नंबरासकट, आणि टोकन तेव्हा दिलं, त्याआधी नाही. मग मालकी बदलाचा अर्ज. सगळ्याला अडीच महिने लागले. दिवाळीच्या सुट्ट्यांचा धंदा हातचा गेला, भाऊ त्यावरून माझ्याशी आठवडाभर धड बोलला नाही. धरणावर बोट चालवायची जलसंपदा विभागाची परवानगी हा तर आणखी वेगळा कागद, त्यासाठी नोंदणी आणि विमा दोन्ही त्याच्या नावावर असावे लागले.

जानेवारीत त्याचा पुन्हा फोटो आला. नवा दाखला, वर त्याचं नाव. मी मेसेज टाकायच्या आधीच दुसरा फोटो आला. मागची बाजू, कोरी.